काजळदऱ्याचा शिक्का

सार्थक दराडे घरी पोचला. रविवारी संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी, म्हणजे बायकोने दिलेल्या मुदतीच्या वीस मिनिटं आधी, गळ्यात पदक, पोटऱ्यांवर चिखल आणि पाठपिशवीत गिरणाऱ्याचे किलोभर टोमॅटो घेऊन तो गंगापूर रोडवरच्या आपल्या चौथ्या मजल्यावरच्या घरात सुखरूप शिरला.

आता हे झालंच नाही असं धरून चालू. काजळदऱ्याच्या नाक्यावरच्या वहीत तशी नोंद नाही, आणि जे वहीत नाही ते झालेलं नसतं. एवढं एक वाक्य पाठ केलं की पुढचं सगळं सरळ समजतं. सार्थकला ते समजायला दोन दिवस लागले.

लग्नाला आठ महिने झाले होते. आठ महिन्यांत रविवार तीसच्या वर येतात आणि त्यातले सार्थकने घरी काढलेले तीन होते. त्या तीनपैकी एकदा तर त्याला ताप होता. बाकीचे सगळे ग्रॅव्हल बाइकने खाल्ले. ग्रॅव्हल बाइक म्हणजे रस्त्यावरच्या नाजूक सायकलला जाड टायर घालून तिला मुरमाडावर हाकायचं. ज्या वाटेने गावकरी नाइलाजाने जातात त्या वाटेने ही माणसं हौसेने जातात, आणि वर त्याचे नियम करतात.

त्या रविवारी तो निघाला तेव्हा वेदिका जागीच होती. ती निफाडची, द्राक्षवाल्यांच्या घरातली, आणि बोलणं छाटणीसारखं, जिथे हवं तिथेच.

"सहाच्या आत घरात नसलास तर मी निफाडला जाते," ती म्हणाली.

"सहाच्या आत येतो."

"सहा म्हणजे सहा. आणि परत कधी येईन ते मग बागेचा हंगाम संपल्यावर बघू."

"येताना काय आणू?"

"तू ये," वेदिका म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "आणि टोमॅटो."

राइड होती खडीकरण सायकल मंडळाची. शंभर किलोमीटर, पाच चौक्या, प्रत्येक चौकीवर मंडळाचा एक स्वयंसेवक प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेला, त्याच्याकडे शिक्का. प्रत्येकाच्या खिशात एक कार्ड. शिक्का नाही तर राइड नाही, हा मंडळाचा पहिला नियम आणि दुसराही. मागच्या वर्षी सार्थकचा एक शिक्का हुकला होता, कारण स्वयंसेवक झुडपाआड गेला होता आणि सार्थक सभ्यपणे पुढे निघून गेला. शंभर किलोमीटर पायाखाली गेले आणि मंडळाने ते झालेच नाहीत असं कळवलं. तेव्हापासून त्याने सभ्यपणा सोडला होता.

सोबत शाहनवाज मोमीन. हा येवल्याचा, पैठणी विणणाऱ्या घरातला. मागावर बसायला नको म्हणून नाशकात येऊन सायकली दुरुस्त करायला लागला, आणि आता दिवसभर दुकानात मागावर बसल्यासारखाच पाठीत वाकून बसतो. सार्थकच्या मागच्या टायरची कड फाटली होती ती त्याने पैठणीच्या रेशमाने शिवली होती. मोरपंखी रंगात.

"भो, हा टायर आता धुवायचा नाही," तो म्हणाला होता. "ड्रायक्लीन."

पहिली चौकी गिरणाऱ्याला. तिथे शिक्का मिळाला, चहा मिळाला, टोमॅटो मिळाले. दुसरी वाघेऱ्याच्या घाटाखाली, तिथेही मिळाला. तिसरी काजळदरे फाट्यावर, आणि तिथे खुर्ची होती, पाण्याची बाटली होती, शुभांगी नव्हती. शुभांगी म्हणजे त्या चौकीची स्वयंसेवक. तिला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद होता आणि पक्ष्यांना नियम माहीत नसतात.

पाच मिनिटं थांबले. दोन हाका मारल्या. रानाने हाक परत दिली नाही, नुसती ठेवून घेतली.

"खुर्चीचा फोटो काढ आणि चल," शाहनवाज म्हणाला.

"फोटो चालत नाही. शिक्का लागतो."

"मग खुर्चीवर बस आणि तूच मार."

"शिक्का तिच्या पिशवीत आहे शानू."

अजून थोडं पुढे, रस्ता जिथे सागाच्या रानात शिरतो तिथे, एक नाका दिसला. कौलारू खोपटं, आडवा लाकडी दांडा उचलून ठेवलेला, दारात टेबल, टेबलावर वही, वहीमागे खाकी स्वेटर घातलेला म्हातारा. भिंतीवर पाटी: मंजूर पदे २, कार्यरत २. दुसरा माणूस कुठे दिसत नव्हता. चहाला गेला असेल, असं सार्थकला वाटलं, आणि माणूस असं वाटून घेतो तेव्हा तो पुढचे प्रश्न विचारत नाही.

त्याची नजर शिक्क्यावर होती. टेबलावर, जांभळ्या शाईच्या डबीशेजारी, लाकडी मुठीचा.

"काका, शिक्का मारता का?"

म्हाताऱ्याने मान वर केली. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, सावळीराम.

"कशाला?"

"कार्डावर लागतो."

"म्या मागितला का तुमच्याकडं काय? जा की गुमान. दांडा वरच हाय. लय जण जात्यात."

"नाही काका, शिक्का पाहिजे."

"अरं जाऊ दे ना," शाहनवाज म्हणाला. "काका नको म्हणताहेत."

"मागच्या वर्षीचं विसरलास का?"

सावळीराम दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. शाळेत मास्तर बघतात तसं, उत्तर माहीत असूनही.

"मारला की नोंद व्हती बरं का," तो म्हणाला. "आत गेल्याची. मंग बाहेर निघाल्याची नोंद तिकडच्या नाक्यावर करावी लागती. आपल्याआप नाय व्हत."

"करू की."

"खाडाखोड चालत नाय."

"तिकडचा नाका कुठे आहे?"

"रस्ता जातो तिथं."

सार्थकने कार्ड पुढे केलं. शाहनवाजनेही केलं, कारण मित्र आत जात असताना बाहेर थांबणं त्याच्या स्वभावात नव्हतं. सावळीरामने टाक बुडवला आणि सावकाश लिहिलं: इसम २, सायकली २. मग विचारलं, "पिशवीत काय?"

"काही नाही," सार्थक म्हणाला. टोमॅटोची पण नोंद करत बसला तर अजून पाच मिनिटं जातील, एवढाच त्याचा हिशोब. खोटं म्हणून बोललेला नव्हता; घाईत बोलला. सगळ्या गोष्टीत जी एक वस्तू वाचली ती या घाईमुळे.

शिक्का बसताना त्याने वहीत डोकावून बघितलं. वरच्या ओळी जुन्या, तपकिरी. इसम १, म्हशी ४. वऱ्हाड, इसम ४२, बैलगाड्या ७. 'आत' या रकान्यात सगळ्यांपुढे वेळ लिहिलेली. 'बाहेर'चा रकाना पानाच्या वरपासून खालपर्यंत कोरा.

काम अर्धवट ठेवायची सवय, असं त्याला वाटलं. कार्ड खिशात टाकलं आणि दोघं दांड्याखालून आत गेले.

रान चांगलं होतं, म्हणजे दिसायला. मुरूम लाल, सावली गार. वारा नव्हता आणि सागाची पानं पडत होती, एकेक, जिन्यावरून कोणी बेताने उतरावं तशी. टायरखाली खडी वाजत होती. थोड्या वेळाने सार्थकच्या लक्षात आलं की आवाज फक्त तेवढाच आहे. पक्षी नाही, साखळी नाही, शाहनवाजची बडबड नाही.

"गप्प का रे?"

"मी मगाचपासून बोलतोय," शाहनवाज म्हणाला. "तूच उत्तर देत नाहीस."

हँडलवरचं यंत्र सत्तेचाळीस पूर्णांक तीन किलोमीटरवर थांबलं होतं. चाकं फिरत होती, आकडा नाही. मागे कुठेतरी, खूप मागे, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांसारखं काहीतरी येत होतं, पण जवळ येत नव्हतं आणि लांबही जात नव्हतं.

मग वाट फुटली. डावीकडचा रस्ता उताराला लागला होता. रुंद, आखीव, दोन्ही कडांना चुना लावलेले दगड. उजवीकडे मंडळाने बांधलेली केशरी फीत.

"काका म्हणाले रस्ता जातो तिथं," शाहनवाज म्हणाला. "रस्ता तर डावीकडे जातोय."

सार्थकने घड्याळ बघितलं. "आपल्याला सहाच्या आत घरी जायचंय."

"आपल्याला नाही. तुला."

ते उजवीकडे गेले.

अंजनेरीच्या पायथ्याशी, पडक्या देवळांजवळ, चौथी चौकी होती. तिथे यादव सर, खुर्चीत, कानाला फोन. पुढच्या तीन जणांना त्यांनी शाबासकी देऊन शिक्के मारले. सार्थक समोर उभा राहिला तर ते त्याच्या खांद्यावरून देवळाच्या कोरीव दगडाकडे बघत फोनवर म्हणाले, "नाही हो, दोघं अजून आतच आहेत."

"सर, आम्ही आलोय," सार्थक म्हणाला.

यादव सरांनी कान खाजवला.

"फोनवर असले की सर असेच," शाहनवाज म्हणाला आणि टेबलावरचा शिक्का उचलून दोघांच्या कार्डांवर मारला. पाचव्या चौकीवर, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी, टाळ्या त्यांच्या पुढच्याला वाजल्या आणि मागच्याला वाजल्या. मधल्या शांततेत सार्थकने खोक्यातून स्वतःच पदक काढून गळ्यात घातलं. त्याला वाईट वाटलं नाही. घड्याळात वेळ होता आणि वेदिका घरी होती.

घरात शिरला तेव्हा वेदिका सोफ्यावर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. शेजारी भरलेली बॅग, तिची चेन अजून उघडी. ती उघडी चेन बघून सार्थकला इतका आनंद झाला की तो दारातच हसला.

"पाच चाळीस!" तो म्हणाला.

वेदिका घड्याळाकडेच बघत राहिली.

रागावली असेल. तो बूट काढून आत गेला आणि मग थांबला. अनवाणी पावलांखाली फरशीवर खडी वाजत होती. त्याने खाली बघितलं. फरशी स्वच्छ, पुसलेली. त्याने एक पाऊल टाकलं. कर्र. दुसरं टाकलं. कर्र.

त्याने टोमॅटोची पिशवी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली. वेदिका पाणी प्यायला आत आली, आणि दचकली.

"हे कुठून आले?"

"मी आणले. वेदू, मी इथं आहे."

ती त्याच्या अंगावरून हात लांबवून पिशवी उचलती झाली. त्याच्याकडे नाही, तो जिथे उभा होता त्या जागेच्या पलीकडे असलेल्या खिडकीकडे तिने बघितलं. तिचे डोळे त्याच्यावरून असे गेले जसे आपण धावत्या गाडीतून खांबांवरून डोळे नेतो.

सार्थकने फोन लावला. तिच्या हातात तो वाजला. तिने लगेच उचलला.

"कुठे आहेस?"

"तुझ्यासमोर. ओट्यापाशी."

"आवाज तुटतोय. मागे मोर ओरडतोय का?"

"मोर कुठला? आपल्या स्वयंपाकघरात आहे मी."

"सार्थक, मोर मला ऐकू येतोय." तिचा आवाज खाली गेला. "तू अजून रानातच आहेस."

"वेदू, मी टोमॅटो आणलेत. बघ, ओट्यावर."

"हो, ते आले. टोमॅटो वेळेवर आले, तू नाही आलास. कुणाच्या हाती पाठवलेस?"

त्याने गळ्यातलं पदक काढून तिच्यासमोर ठेवलं. ते ओट्यावर टेकलं तसं तिला दिसलं. तिने ते बोटाने ढकललं. "आणि हे पण पाठवलंस? शाबास." तो धावत गेला, कर्र कर्र कर्र, वाणसामानाच्या यादीचा कागद फाडून त्यावर लिहिलं: मी इथेच आहे. तो कागद तिच्यापुढे सरकवला. वेदिकाने वाचला. एकदा, मग परत एकदा.

"चिठ्ठ्या पाठवायला माणसं मिळतात तुला," ती म्हणाली, फोनमध्ये नाही, रिकाम्या स्वयंपाकघरात. तिचे डोळे भरले होते. "इथेच म्हणजे कुठे रे?"

सहा वाजले. तिने अजून चार मिनिटं दिली. ती चार मिनिटं सार्थक तिच्या शेजारी सोफ्यावर बसून होता आणि सोफ्याखाली खडी सरकत होती. मग तिने बॅगेत टोमॅटो टाकले, चेन लावली, आणि दार ओढून घेतलं.

तो मागे निघाला. तिची स्कूटर पुढे, हा सायकलवर मागे. रस्ता डांबरी होता, मागच्याच महिन्यात केलेला. टायरखाली मुरूम वाजत होता. द्वारका चौकात गाड्या नेहमीसारख्या तुंबल्या होत्या आणि वेदिकाची स्कूटर त्यात मुरून दिसेनाशी झाली.

चौकाच्या बरोब्बर मधे चार म्हशी उभ्या होत्या. त्यांच्याजवळ डोक्याला मुंडासं बांधलेला एक इसम. सिग्नल लागला, सुटला, पुन्हा लागला. नाशकात सिग्नल सुटायच्या आधी हॉर्न वाजतो. त्या म्हशींवर एकही हॉर्न वाजला नाही. बसगाड्या, रिक्षा, सगळे वळसा घालून जात होते आणि आपण वळसा घालतोय हे कुणाच्या चेहऱ्यावर नव्हतं.

मुंडासेवाल्याने सार्थककडे बघितलं. नाका सोडल्यापासून शाहनवाजखेरीज त्याच्याकडे नीट बघणारा तो पहिला माणूस.

"नाक्यावरून?" त्याने विचारलं.

सार्थकने मान हलवली.

"पहिले काही दिवस समदे घरी जात्यात," तो माणूस म्हणाला. "म्या अजून जातो. वऱ्हाड कंटाळलं, ते जाऊन रांगेत उभं ऱ्हायलं." त्याने एका म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "हिला दूध हाय अजून. प्यायला कुणी नाय."

सिग्नल सुटला आणि म्हशी कुठल्याही घाईशिवाय मुंबईच्या दिशेला लागल्या.

शाहनवाज भद्रकालीतल्या आपल्या खोलीच्या पायरीवर बसलेला होता. "अम्मीला फोन केला," तो म्हणाला. "म्हटलं पोचलो. ती म्हणाली, बेटा, पोचलास तर मग हे पानं पडल्याचे आवाज कसले? घरमालक आला, माझ्या मांडीवर बसून बूट घालून गेला." त्याने खिशातून कार्ड काढलं. "आणि हे बघ."

तिसऱ्या चौकटीतला जांभळा शिक्का. सकाळी मारलेला, अजून ओला. सार्थकने पहिल्यांदाच तो वाचला. एकच शब्द होता: आत.

सोमवारी सकाळी ते पुन्हा काजळदऱ्याला गेले. सावळीराम तिथेच, तोच स्वेटर.

"काका, आमचं नाव खोडा," सार्थक म्हणाला.

"म्या काल काय बोललो व्हतो?"

"खाडाखोड चालत नाही," शाहनवाज म्हणाला. त्याचं पाठांतर चांगलं होतं.

"मग बाहेरची नोंद इथंच करा. आम्ही तुमच्यासमोर उभे आहोत."

"माझ्याकडं आतची वही. बाहेरची लहानूकडं." सावळीरामने पाटीकडे बोट केलं. मंजूर २, कार्यरत २. "तिकडच्या नाक्यावर हाय त्यो. त्यानं माझ्या बदलीची नोंद केली का म्या बी सुटतो. तुमच्याइतकीच मलाबी घाई हाय. मपलं घर मोहाडीला."

"कधीपासून?"

सावळीरामने बोटं मोजायला सुरुवात केली आणि दोन्ही हात संपल्यावर सोडून दिली.

या वेळी ते डावीकडे वळले. चुन्याच्या दगडांमधून रस्ता नीट उतरत गेला. वळण, मैलाचा दगड, पुन्हा वळण, मग काजळदरे धरण. रस्ता थांबला नाही. रस्ता पाण्यात गेला. चुन्याचे दगड दोन्ही बाजूंनी पाण्याखाली गेले, एक, दोन, तीन, हिरवट होत होत, आणि जिथे दिसेनासे होतात तिथे, खूप खाली, एक पिवळा ठिपका होता. कंदिलाएवढा. हलत नव्हता.

जुनं काजळदरे गाव धरणात गेलं, हे नाशकात सगळ्यांना ठाऊक आहे. गावाला नोटीस आली, मोबदला आला, ट्रक आले. गावाबाहेरच्या नाक्यावर कार्यरत असलेल्या माणसाला काही आलं नाही, म्हणून तो कार्यरत राहिला.

"मला पोहता येतं," शाहनवाज म्हणाला. "येवल्याच्या विहिरीत शिकलोय." त्याने दोन्ही कार्डं प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, पिशवीला तीन गाठी मारल्या.

"मरशील."

"भो, मी आत आहे. अजून किती आत जाणार?"

तो सायकलचे बूट घालूनच रस्त्यावरून चालत पाण्यात उतरला. गुडघे, कंबर, खांदे, हेल्मेट. पाण्यावर एकही बुडबुडा आला नाही.

सार्थक काठावर बसला. चार मिनिटं. सात. पाण्यात आकाश होतं आणि त्याच्याखाली पिवळा ठिपका. अकराव्या मिनिटाला ठिपका जरा हलला, कोणी कंदील उचलून वर बघावं तसा, आणि सार्थकला वाटलं की खालून कोणीतरी त्याला मोजतंय. इसम एक. तो दोन पावलं मागे सरला. कर्र, कर्र.

हेल्मेट आलं, खांदे आले. शाहनवाज चालत वर आला. दम लागलेला नव्हता.

"लहानूकाका बरे आहेत," तो म्हणाला. "चहा विचारला."

"आणि?"

"टेबल आहे, वही आहे. आपलं पान उघडूनच बसलेत. शिक्का हातात धरलाय, बाहेरचा. तयार आहेत बिचारे." त्याने पिशवीच्या गाठी सोडल्या. कार्डं कोरडी होती. "पण कागद पिशवीतून काढला की ओला होतो. ओल्या कागदावर शिक्का उमटत नाही आणि वहीतली शाई पसरते. काका म्हणाले, वरून लिहून आणा, पाणी उतरवा. नियमाने कोरड्यातच नोंद करतो."

"नुसती तोंडी?"

"तोंडी चालत नाही. आणि रांग आहे." शाहनवाज पहिल्यांदाच हसला नाही. "बेचाळीस माणसं, सात गाड्या. नवरीने डोक्यावरचा पदर अजून धरून ठेवलाय. पैठणी आहे रे. काठ बघितला मी, आमच्याच गल्लीतला. मी म्हटलं ताई, किती दिवस? ती म्हणाली, पुढं सरका, रांग मोडू नका."

सार्थकचा फोन वाजला. वेदिका, निफाडहून.

"कुठे आहेस?"

"धरणावर," तो म्हणाला. "काजळदऱ्याच्या."

काल तो खरं बोलला होता ते तिला खोटं वाटलं. आजही खरंच बोलला आणि या वेळी ते पटलं.

"पाण्याचा आवाज येतोय," ती म्हणाली. "सार्थक, तू येणार आहेस का?"

"येणार आहे. फक्त एक नोंद राहिलीय."

"मी वाट बघतेय असं समजू नकोस." मग, थोड्या वेळाने, "आज चार टोमॅटो घातले आमटीत. सहा राहिलेत. ते संपायच्या आत ये."

फोन बंद झाला. सार्थकने वाळूत बोटाने सहा रेघा ओढल्या, आणि शाहनवाजकडे पेन मागितलं.

अर्ज दोघांनी मैलाच्या दगडावर कागद ठेवून लिहिला. अक्षर शाहनवाजचं, कारण ते चांगलं आहे. तो धरणाच्या ऑफिसात नेऊन आवक-जावकच्या टेबलावर ठेवायचा असं ठरलं. तिथली बाई त्यांच्या अंगावरून बघेल, पण खाली ठेवलेला कागद तिला दिसेल. टोमॅटो दिसले तसा.

"फक्त त्यावर आवकचा शिक्का मारू देऊ नकोस," शाहनवाज म्हणाला. "आतले शिक्के पुरे झाले."

प्रति,
मा. अभियंता साहेब,
काजळदरे धरण.

विषय: धरणातील पाणी अर्धा तास उतरवून मिळणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सही करणारे इसम २ (सायकली २) हे गेल्या रविवारी काजळदरे नाक्यातून आत गेलो असून सध्या बाहेर राहत आहोत, परंतु बाहेर आल्याची नोंद झालेली नाही. सदर नोंद करणारे कर्मचारी श्री. लहानू हे आपल्या धरणाच्या तळाशी कामावर हजर आहेत व त्यांची कोणतीही तक्रार नाही. आमच्यापूर्वी रांगेत एक वऱ्हाड असून त्यांच्या लग्नाचा मुहूर्त टळून गेला आहे. पहिल्या सहीच्या अर्जदाराची पत्नी निफाड येथे असून तिच्याकडे टोमॅटो सहा शिल्लक आहेत. ते आम्ही स्वतः नाक्यातून आणले, हा आम्ही घरी पोचल्याचा एकमेव पुरावा असून तो रोज आमटीत कमी होत आहे. आम्हास समक्ष बोलावू नये. आम्ही आलो तरी आपणास दिसणार नाही.

तरी कोणत्याही कामकाजाच्या दिवशी सकाळी अकरा ते साडेअकरा या वेळेत काजळदरे धरणातील पाणी तळापर्यंत उतरवून, नाक्यावरील टेबल, वही व शाई पूर्ण वाळेपर्यंत ते तसेच रोखून धरावे, व वऱ्हाडासह सर्वांची बाहेरची नोंद झाल्यावर पाणी पूर्ववत भरून घ्यावे, ही नम्र विनंती.